संगणकप्रमुखाची खुर्ची

पतसंस्था असो की कारखाना, संगणक विभागाच्या प्रमुखाची आठवण होते ती प्रिंटर अडला की. संचालक मंडळाच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते. आम्हा बचत गटाच्या बायकांना हे खटकतं.

आपल्या वारणेचंच बघा. १९९८ साली वारणानगर भागातल्या ७० गावांत सरकार आणि वारणा समूहानं संगणक केंद्रं उभारली. बाजारभाव, शेतीसल्ला, सगळं तिथं मिळावं असा बेत होता. प्रत्यक्षात केंद्रावर मुख्य काम चाललं ते उसाची नोंद, तोडणीची परवानगी, टनेज आणि खताचा हिशेब. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी नेमकं हेच हेरलं. ७ गावांत ८ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर ही माहिती देऊन पाहिली. जमलं, आणि स्वस्तातही. यंत्र बदलण्याआधी त्यांनी खिडकीवरचं काम पाहिलं होतं.

आता आमचा प्रश्न : मेसेज जातो कुणाच्या मोबाईलवर? खातं बाईचं, कर्ज तिचं, हप्ताही तीच भरते; नंबर मात्र मालकांचा नाहीतर मुलाचा. म्हणजे शिल्लक घरात सगळ्यांना कळते, तिला सोडून! अर्जात कुणाचा नंबर घ्यायचा, हे धोरण आहे. ते ठरताना संगणकप्रमुख हजर हवा, आणि त्यानं तोंड उघडायला हवं.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. 'ऐनवेळच्या विषयां'त आम्ही हे विचारणार आहोत. तोवर संस्थेत जाऊन तुमच्या खात्याला नंबर कुणाचा आहे, तेवढं बघून या.