घरी येणारी नर्स आणि पायांची निगा



शब्बाथच्या मानाखातर शुक्रवारी नखे कापण्याची आपली रीत. परंतु पंचाहत्तरीनंतर वाकवत नाही, नजर मंदावते आणि जाड झालेले नख कात्रीला दाद देत नाही. सुनेपुढे पाय करायचा, तर संकोच!

मधुमेह असेल, तर हा संकोच महागात पडतो. पायांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. चपलेतला खडा, गरम पाण्याच्या पिशवीचा चटका, काहीच कळत नाही. दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असला, की जखम चिघळते. प्रसंगी बोट, पाऊलही गमवावे लागते.

कुपत खोलीमची नर्स घरी येऊन मलमपट्टी करते. तिलाच नखे सरळ कापण्याची, बोटांच्या बेचक्या पाहण्याची, १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना तपासण्याची मुभा आणि पुरेसा वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कुरूप कोरणे, रुतलेले नख काढणे हे तज्ज्ञाचेच काम. पाऊल थंड वा निळसर दिसले, जखम आढळली, तर तिने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. यात जोखीम आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, पण आज ती कात्री अंधूक नजरेच्या म्हाताऱ्याच्याच हाती आहे.

तोवर एक करा: नर्स पुढच्या वेळी आली, की न सांगता मोजे काढून ठेवा.