घरपट्टीचा कागद
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोठाले विषय मला झेपायचे नाहीत. म्हणून घरपट्टीच्या कागदाविषयीच बोलते.

आपला हा निपाणी-चिकोडीकडचा मुलूख 1956 च्या 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1973 साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. माणसे होती तिथेच राहिली, कचेरीची भाषा तेवढी बदलली. आपण जिला मुन्सिपालटी म्हणतो तिच्या पाटीवर 'पुरसभा' आहे. बाजारात आपले काही अडत नाही. भाजीवालीशी अर्धे कानडी, अर्धे मराठी चालते. आणि थोरल्या बहिणीला आपण 'अक्का' म्हणतो, तो शब्द तरी कुठला? कानडीच! अडते ते वाचण्यापाशी.

आमच्या आळीतल्या एका आजींना मागे नोटीस आली. नात सुटीत येईल तेव्हा वाचील, म्हणून त्यांनी ती देवाच्या तसबिरीमागे ठेवली. नात आली तोवर मुदत टळून वर दंड बसला. पैसे भरायची त्यांची तयारी होती हो!

काही भगिनी म्हणतात, कानडी शिकलो तर मराठीवरचा हक्क सोडल्यासारखे होईल. मला हे पटत नाही. सीमेचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला. तो न्यायाधीशांचा विषय. पाण्याचे बिल त्यासाठी थांबत नाही. शिवाय जिथे दुसऱ्या भाषेचे लोक शेकडा 15 तरी असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठी सरकारनेच ठरविलेले आहे. तसा अर्ज आपण करूच. पण 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पालिकेत निदान एक-तृतीयांश जागा बायकांना राखून आहेत. आपल्यातून निवडून गेलेल्या बाईला ठराव वाचता आला नाही, तर ती सही कशावर करणार? यजमान वाचून सांगतील म्हणा. पण मग जागा कुणाची म्हणायची?

तेव्हा दर बुधवारी दुपारी तीन ते चार मंडळात कानडी अक्षरओळख ठेवायची आहे. आपल्याच गल्लीतल्या एक कानडी बाई शिकवायला तयार आहेत. त्यांना आपल्याकडून मराठी वाचायला शिकायचे आहे. 'तेरिगे' म्हणजे कर, 'नीरु' म्हणजे पाणी, 'कोनेय दिनांक' म्हणजे शेवटची तारीख, एवढे पहिल्या महिन्यात यावे. कानडी आकडेसुद्धा.

अर्जावर सह्या आज जाताना दाराशी कराव्यात. पाटी घरून आणावी.