स्वादुपिंड : शस्त्रापूर्वींची साक्ष



जठराच्या पाठीमागें आडवें पसरलेलें स्वादुपिंड शल्यवैद्याच्या धैर्याची कसोटी पाहतें. त्याच्या शिरोभागाजवळील कर्करोगावर केलेल्या शस्त्रक्रियेची हकीकत अमेरिकेंतील डॉ. ॲलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केली. आज शिरोभाग काढल्यावर उरलेलें पिंड आंतड्यास किंवा जठरास टांके घालून जोडतात. ह्या सांध्यांतून पाचकरस झिरपला, तर तो जवळच्या रक्तवाहिन्या पोखरूं शकतो आणि मग रुग्णाच्या जिवावर बेततें.

ही गळती कोणास व्हावी, याविषयीं निसर्गाचा न्याय मोठा उफराटा आहे. रोगानें कठीण झालेलें पिंड टांका घट्ट धरतें. मऊ, निरोगी पिंडास मात्र तोच टांका कापत जातो. शिवाय पिंडांतील नलिका ३ मिलिमीटरहून अरुंद असेल, तर धोका अधिकच वाढतो.

पूर्वीं पिंडाचा मऊपणा कळे तो पोट उघडल्यावर, बोटांच्या स्पर्शानें. १९७१ सालीं लंडन येथें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें रुग्णाचें पहिलें सी. टी. चित्र घेतलें गेलें. अशा चित्रांवरून आज नलिकेची रुंदी आधींच मोजतां येते. पिंडाची जाडी व पोटांतील चरबीही अजमावतां येते. त्यावरून निचऱ्याची नळी ठेवावी कीं नाहीं, ती केव्हां काढावी, याचा विचार करण्यास अवसर मिळतो.

तथापि चित्र म्हणजे विधिलिखित नव्हे. ज्यांच्या चित्रांत धोका दिसतो, त्यांतील पुष्कळांस गळती होतच नाहीं. म्हणून चित्र पाहून वैद्यानें रुग्णास निराश करूं नये; स्वतः सावध व्हावें, आणि जें दिसलें तें रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वीं स्पष्ट सांगावें. संमति द्यावयाची ती त्यालाच!