दाब आणि धीर
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सव म्हटला की हिऱ्याचे रूपक ओघाने येते. दाब सोसला की कार्बनाचा हिरा होतो, असे मुलांना आवर्जून सांगितले जाते. मी मात्र आज आपल्याच हैदराबादेत घडणाऱ्या एका वडीविषयी बोलणार आहे. येथे १९७१ साली स्थापन झालेल्या अणुइंधन संकुलात युरेनियम डायऑक्साइड या सिरॅमिक पदार्थाच्या चूर्णापासून बोटाच्या पेराएवढ्या वड्या तयार होतात. अणुभट्टीत त्याच इंधन म्हणून वापरल्या जातात.

चूर्ण साच्यात भरले की कणांमध्ये पुष्कळ हवा असते. दाब पडू लागताच कण प्रथम सरकतात आणि मोठ्या पोकळ्या भरून काढतात. मग सरकायला जागा उरत नाही; कण एकमेकांवर घासतात, दबतात, काही फुटतात. पुढे दाब कितीही वाढवला तरी घनता फारशी वाढत नाही. वातावरणाच्या दोन-तीन हजार पट दाब देऊनही कच्ची वडी जेमतेम निम्मी भरीव असते. साच्याच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे दाब सर्वत्र सारखा पोहोचत नाही, म्हणून वंगण मिसळतात आणि दोन्ही बाजूंनी दाबतात. दाब अति झाला किंवा घाईने काढला, तर दबलेले कण व कोंडलेली हवा उसळी घेते आणि वडीला आत बारीक तडा जातो. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. भट्टीत मात्र उघडा पडतो.

खरी घनता येते ती भट्टीत. हायड्रोजनच्या वातावरणात, सुमारे १७०० अंश सेल्सिअसला, काही तास ठेवल्यावर कण परस्परांत सांधले जातात आणि वडी सुमारे ९५ टक्के भरीव होते. उरलेली पोकळी हेतुपुरस्सर राखलेली असते. अणुविखंडनात निर्माण होणाऱ्या वायूंना आणि वडीच्या फुगण्याला तेवढा अवकाश लागतो.

मी भाषेची शिक्षिका. तरीही ही प्रक्रिया समजून घेतल्यावर मला आपल्या पालकसभा आठवल्या. 'दहावीचा खेळाचा तास बंद करा, जादा तास वाढवा', ही मागणी तेथे दरवर्षी होते. तिच्यामागची काळजी मी जाणते. मूल म्हणजे चूर्ण नव्हे, हेही जाणते. परंतु एका मर्यादेनंतर दाबाने काही साधत नाही, आणि आतला तडा गुणपत्रिकेत दिसत नाही, एवढे दोन्हीकडे सारखेच आहे.

म्हणून दहावीच्या वर्गाचाही खेळाचा आणि ग्रंथालयाचा तास यापुढे कायम राहील, असे आम्ही शिक्षकांनी ठरविले आहे. पालकहो, या निर्णयाला घरातूनही साथ द्यावी. माजी विद्यार्थ्यांनो, या शाळेने तुम्हांला जो अवकाश दिला, त्याचे मोल तुमच्याइतके दुसरे कोण सांगणार? ते या पालकांना अवश्य सांगा.