चांदीची दोन शमादाने



कादंबरी ही करमणुकीची वस्तू आणि धर्म हा गंभीर विचाराचा विषय, अशी विभागणी सुशिक्षित घरांतून फार दिवस रूढ आहे. पोथीची जागा देवघराजवळ आणि कादंबरीची उशाशी. अशा घरात कोणी म्हटले की, पाश्चात्य कादंबऱ्यांतून ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म शिकता येते, तर लगेच दोन शंका निघतात. पहिली ही की, कल्पित गोष्टीत धर्म कोठून सापडावयाचा? आणि दुसरी ही की, समजा सापडला, तरी ज्याला आपला धर्म सोडावयाचा नाही, त्याने तो शोधावा कशाला? या दोन्ही शंकांची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या आठवणीतच ती आहेत.

सन १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात एक विलक्षण पाठशाळा भरत असे. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि त्यांच्यासमोर बसून एक सत्याग्रही ती प्रवचने उतरून घेत असे. हा लेखक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. १९२४ ते १९३० या काळात ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालय सांभाळीत होते. त्यांच्या हातून उतरलेली 'गीता प्रवचने' पुढे घरोघर गेली. परंतु त्याच साने गुरुजींनी व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' ही फ्रेंच कादंबरी 'दुःखी' या नावाने मराठीत आणली आणि टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठी वाचकांपुढे ठेवला, ही गोष्ट तितकी लक्षात घेतली जात नाही. गीता उतरून घेणारा हात ह्यूगोही उतरवितो, यात त्या हाताला काही विसंगती वाटली नाही.

या दोन अनुवादांचे परस्परांशी नाते आहे. टॉलस्टॉयने १८९८ च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात कलेची कसोटी सौंदर्य ही न मानता माणसामाणसांतील आडभिंत पाडणारी भावना ही मानली. देवावरील व शेजाऱ्यावरील प्रेमातून निपजलेली कला त्याने सर्वांत श्रेष्ठ ठरविली. स्वतःच्या बहुतेक कृतीही त्याने या कसोटीवर बाद केल्या. जी थोडी पुस्तके उतरली, त्यांत ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' होती, डिकन्सच्या गोष्टी होत्या, 'अंकल टॉम्स केबिन' होती आणि डोस्टोव्हस्कीच्या तुरुंगवासाची कथा होती. अर्थात कादंबरीत धर्म कोठून, या पहिल्या शंकेचे उत्तर टॉलस्टॉयनेच देऊन ठेवले आहे. कादंबरीत धर्माचे सिद्धान्त नसतील, परंतु धर्म ज्या भावनेवर उभा राहतो, ती भावना तेथे अनुभवास येऊ शकते.

मराठीला ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. जॉन बन्यन याने बेडफर्डच्या तुरुंगवासाशी ज्याची उभारणी निगडित आहे असे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' लिहिले. हरि केशवजी यांनी १८४१ साली ते 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. १८५७ साली बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांची दुःखे मांडली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती हीच. म्हणजे मराठी कादंबरीच्या पाळण्याजवळच ख्रिस्ती श्रद्धा उभी होती. मात्र या पुस्तकांत उपदेश उघड असतो. लेखक वाचकाला बोट धरून मुक्कामाला नेतो. ह्यूगोची रीत निराळी आहे. तो वाचकाला एका प्रसंगात सोडून देतो आणि निर्णय वाचकाच्या अंतःकरणाला करावा लागतो.

तो प्रसंग असा. ज्याँ व्हालज्याँ नावाचा एक मजूर बहिणीच्या सात उपाशी लेकरांसाठी पाव चोरतो. पाच वर्षांची शिक्षा होते, पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी ती वाढत वाढत एकोणीस वर्षांची होते. १८१५ साली तो सुटतो, तेव्हा त्याच्याजवळ एक पिवळा परवाना असतो. हा माणूस धोकादायक आहे, असे त्यावर लिहिलेले. तो दाखविताच खाणावळीची दारे बंद होतात. शेवटी तो एका दारावर येतो, ज्याला कुलूपच नसते. ते घर बिशप मिरिएल यांचे. या बिशपाला सरकारकडून वर्षाला पंधरा हजार फ्रँक मिळत. त्यांतील एक हजार स्वतःसाठी ठेवून बाकीचे तो वाटून टाकी. आपला प्रशस्त वाडा इस्पितळाला देऊन तो इस्पितळाच्या लहानशा घरात राहत असे. श्रीमंतीची खूण म्हणून घरात काही चांदीची ताटल्याचमचे आणि मेणबत्त्या लावावयाची चांदीची दोन शमादाने एवढीच उरली होती.

बिशप पाहुण्याला आदराने बसवितो, चांदीच्या भांड्यांत जेवू घालतो आणि शेजारच्या खोलीत निजवितो. रात्री पाहुणा ती भांडी घेऊन पसार होतो. सकाळी शिपाई त्याला धरून आणतात. बिशप म्हणतो की, ही भांडी मीच दिली होती, आणि शमादानेही तुलाच दिली असता तू ती विसरून कसा गेलास? असे म्हणून तो ती दोन्ही शमादाने त्याच्या हाती ठेवतो.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, धर्मोपदेशक खोटे बोलला, त्याचे काय? या शंकेला ह्यूगोने अगोदरच उत्तर देऊन ठेवले आहे. शिपाई येण्यापूर्वी घरातील म्हातारी मोलकरीण चोरीबद्दल आरडाओरडा करते, तेव्हा बिशप तिला समजावितो की, ही चांदी आपली नव्हतीच. ती गरिबांची होती आणि आपण इतके दिवस ती अडवून ठेवली. जो घेऊन गेला तो गरीबच नव्हता काय? म्हणजे क्षमा करणाऱ्याने प्रथम स्वतःचा हिशेब केला आणि त्यात स्वतःला ऋणको ठरविले. दुसऱ्याला क्षमा करताना 'मी मोठा, तू लहान' असा भाव आला, तर क्षमेचे दान होते, पण ती भिक्षा होऊन बसते. मिरिएलच्या क्षमेत हा भाव नाही. याच बिशपाची आणखी एक गोष्ट ह्यूगो सांगतो. लोकांनी बहिष्कृत केलेल्या एका म्हाताऱ्या क्रांतिकारकाला अंतकाळी उपदेश करावयास तो जातो आणि बोलणे संपते तेव्हा स्वतःच त्या म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागतो.

या प्रसंगातून ख्रिस्ती श्रद्धेचा जो धडा निघतो, तो 'सज्जन व्हा' एवढाच नाही. सज्जन होण्याचा उपदेश सर्वच धर्मांत आहे. येथे क्रम उलटा आहे. व्हालज्याँ सुधारला म्हणून त्याला क्षमा मिळाली, असे घडत नाही. त्याला क्षमा आधी मिळते, पात्रता नसताना मिळते, चोरी हातात असताना मिळते. त्यानंतरही तो लगेच सुधारत नाही. त्याच दिवशी तो एका लहान मुलाचे नाणे पायाखाली दाबून धरतो आणि मूल रडत निघून गेल्यावर भानावर येऊन धाय मोकलून रडतो. ख्रिस्ती धर्मात ज्याला कृपा म्हणतात, ती हीच. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट हेच सांगते; मुलगा अजून दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. वारकऱ्यांच्या देशात हा विचार परका वाटू नये. संतांनीही देवाचे देणे योग्यतेच्या तराजूत कोठे तोलले आहे?

त्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत एक थोरला भाऊ आहे. तो कामसू आहे, आज्ञाधारक आहे आणि धाकट्याचे स्वागत पाहून अंगणातच रुसून उभा राहतो. ह्यूगोच्या कादंबरीतील पोलीस अधिकारी जाव्हेर हा त्या थोरल्या भावाचाच सखा होय. जाव्हेर दुष्ट नाही. तो लाच खात नाही, खोटे बोलत नाही, स्वतःलाही सवलत देत नाही. त्याचा एकच विश्वास की, चोर तो चोरच. पुढे पॅरिसच्या बंडात तोच जाव्हेर व्हालज्याँच्या हाती सापडतो आणि व्हालज्याँ त्याला सोडून देतो. ज्याच्यावर आयुष्यभर पाळत ठेवली, त्याच्याच दयेने आपण जिवंत आहो, हे सत्य जाव्हेरला पेलत नाही, आणि तो सीन नदीत उडी घेतो. सुशिक्षित, सदाचारी, करभरू गृहस्थाने या कादंबरीत स्वतःला शोधावयाचे असेल, तर ते बहुधा बिशपात नव्हे, जाव्हेरमध्ये शोधावे लागेल. हा धडा कडू आहे, परंतु औषधी आहे.

इतर श्रेष्ठ कादंबऱ्यांतूनही हा प्रवाह दिसतो. डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या १८६६ च्या कादंबरीत देहविक्रयावर घर चालविणारी सोन्या एका खुन्याला, मेलेला लाजार पुन्हा उठला ती कथा वाचून दाखविते. हे वाचन कोणी पाद्री करीत नाही, समाजाने टाकलेली मुलगी करते. टॉलस्टॉयच्या १८९९ च्या 'पुनरुत्थान' कादंबरीत न्यायासनाशेजारी पंच म्हणून बसलेल्या सरदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात अशी स्त्री दिसते, जिच्या नाशाचे मूळ तो स्वतः आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच: न्याय करणारा कोण आणि अपराधी कोण? मात्र अशा कादंबऱ्या वाचताना प्रत्येक पानावर शास्त्रवचन टिपत बसू नये. फूल कुस्करून अत्तर होत नाही, नुसता चोथा होतो. गोष्ट गोष्ट म्हणूनच वाचावी आणि मग तीन प्रश्न विचारावेत: येथे क्षमा कोणाला मिळाली, तिची किंमत कोणी भरली आणि क्षमा मिळालेल्याने पुढे काय केले? व्हालज्याँने पुढे जे केले, ते थोडक्यात असे. आपल्या नावावर दुसराच एक गरीब माणूस जन्मठेपेला जाणार, हे कळताच तो प्रतिष्ठा, कारखाना, नगराध्यक्षपद सर्व सोडून न्यायालयात उभा राहतो आणि 'तो कैदी मी' असे सांगतो. ती शमादाने त्याने अखेरपर्यंत विकली नाहीत. मरणकाळी त्याच्या खोलीत त्यांतच मेणबत्त्या जळत होत्या.

आता दुसरी शंका. हे सारे परधर्माचे. ते शिकून करावयाचे काय? या शंकेचे उत्तर पुस्तकात नाही, दारात आहे. व्हालज्याँचा पिवळा परवाना केवळ फ्रान्सचा नव्हता. हिंदुस्थानात १८७१ साली एक कायदा झाला आणि त्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पोलिसांकडे नोंद, ठरल्या वेळी हजेरी आणि परवान्यावाचून फिरण्याला बंदी. व्हालज्याँने निदान पाव तरी चोरला होता. येथे पाळण्यातल्या मुलाने काहीच चोरलेले नव्हते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. कागद गेला, परंतु मनातला पिवळा परवाना अद्याप फाटलेला नाही. पारध्याचे पोर वर्गात आले आणि कोणाची पेन्सिल हरवली, तर पहिली नजर कोणाकडे वळते, हे शाळेत वावरलेल्या कोणासही सांगावयास नको. तुरुंगातून सुटून आलेल्याला कामावर कोण ठेवतो, भाड्याने खोली कोण देतो, हेही सर्वांस ठाऊक आहे.

साने गुरुजींनी 'दुःखी' मराठीत आणली, ती केवळ अश्रू ढाळण्यासाठी नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, आणि त्या मंदिराचे दार उघडले. ही प्रेरणा गीतेची किती, संतांची किती, आईची किती आणि ह्यूगोची किती, याची वाटणी करीत बसण्यात अर्थ नाही. विहिरीला झरे अनेक असतात; पाणी एकच असते. गुरुजींनी आपला धर्म सोडला नाही आणि दुसऱ्याच्या धर्मातील मर्म घेण्यास संकोचही केला नाही. विनोबांनीही पुढे 'ख्रिस्तधर्मसार' सिद्ध केले, ते याच वृत्तीने.

म्हणून ज्या घरात ही कादंबरी असेल, मूळ असो वा अनुवाद, तेथे ती दिवाळीच्या सुटीत मुलामाणसांनी मिळून वाचावी. वाचून झाल्यावर बिशप किती थोर होता, याची चर्चा थोडी करावी. आपल्या घरात अडकून पडलेली चांदी कोणाची आहे आणि कोणाला पाहून आपल्या दाराची कडी लागते, याची चर्चा अधिक करावी.