खाणावळीच्या वाटेने गिरणगाव



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रे आणि कामगार कायद्याची पुस्तके वाचता वाचता झाले. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा ज्यात थोडीफार माहिती आहे तोच आम्ही सांगितला : मुंबईचे गिरणगाव पायी कसे पाहावे आणि पाहताना काय खावे. विषय ऐकून काही मंडळी हसली. खाण्यावर कसले व्याख्यान! आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला एखाद्या वस्तीचा इतिहास खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याने तिथल्या पुतळ्यांआधी तिथल्या चुली पाहाव्या. पुतळा कोणाचा उभारायचा हे पुढारी ठरवतात. चूल केव्हा पेटायची हे कामाची पाळी ठरवते.

गिरणगाव आपल्याला परके नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापूसगिरणीचा पाया घातला आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. आपल्या काळ्या रानातला कापूस गाठोड्यांनी मुंबईस जाऊ लागला. कापूस गेला, पऱ्हाट्या मागे राहिल्या; त्यांच्या जाळावर आपण अजून भरिताची वांगी भाजतो. एकाच झाडाने तिकडे गिरणी चालवली आणि इकडे जेवणाला चव आणली. तेव्हा गिरणगावात जाताना पाहुण्यासारखे जाऊ नये, सोयऱ्यासारखे जावे.

दादरला गाडी सोडून मध्य रेल्वेची लोकल धरावी आणि करी रोडला उतरावे. मोटारीने गेलात तर उड्डाणपुलावरून लालबाग दोन मिनिटांत मागे पडते आणि हाती काही लागत नाही. पायी गेले म्हणजे नाक आधी जागे होते. उन्हाळ्याच्या या दिवसांत लालबागच्या मसाल्याच्या बाजारात उभे राहून पाहा. बायका मिरच्या निवडून, उन्हात तापवून, धणे-खोबरे-खसखस मोजून आणतात, भाजून घेतात आणि डंकावर कुटायला रांगेत बसतात. मिरचीच्या ठसक्याने डोळ्यांतून पाणी येते. पण कुटणाऱ्याला ते रोजचेच. कोकणचा मसाला निराळा, घाटावरचा निराळा. कोणत्या बाईच्या पिशवीत काय आहे, यावरून तिचे गाव ओळखणारे जुने लोक तिथे भेटतात. जवळच चिवडा गल्ली आहे. तिथे ताज्या चिवड्याचा पुडा घ्यावा आणि खात खात पुढे चालावे.

इथल्या बाजाराचाही एक इतिहास आहे. १९३२ च्या सुमारास पेरूचाळीजवळचा बाजार बंद झाला. कोळिणी आणि लहान विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी गणपतीला नवस केला, पुढे बाजाराला जागा मिळाली, आणि १९३४ पासून तिथे गणपती बसू लागला. आज लाखो लोक ज्याच्या दर्शनासाठी रात्रभर रांगेत उभे राहतात, त्या लालबागच्या राजाचे मूळ असे मासळीच्या टोपलीत आहे. टोपली ठेवायला चार हात जागा मिळावी, एवढीच ती मागणी होती.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ती म्हणजे खाणावळ. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून गडी मुंबईला येत. बायकामुले गावीच राहत, कारण मुंबईच्या पगारात मुंबईचे बिऱ्हाड भागत नसे. एका गावचे लोक मिळून एक खोली घेत. पाळ्या तीन असल्यामुळे एकाच्या अंथरुणावर दुसरा निजे. झोप अशी वाटून घेता येई. जेवण कोण करणार? शेजारच्या खोलीतली एखादी बाई दहा, वीस, तीस माणसांचा स्वयंपाक अंगावर घेई. कोकणच्या गड्यांना तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकट. घाटावरच्यांना ज्वारी-बाजरीची भाकरी आणि झणझणीत कालवण. पहिल्या पाळीचे डबे पहाटे भरायचे, दुसऱ्या पाळीची पंगत दुपारी उठवायची, रात्रपाळीवाल्याला सकाळी गरम वाढायचे. गिरणीच्या भोंग्यावर गिरणी चाले, तशी ही चूलही चाले. फरक इतकाच की कामगाराची पाळी आठ तासांनी सुटे. या बाईची सुटतच नसे.

पैसे पगाराला मिळत, वाण्याचे मात्र रोजचे रोज. मधले अंतर ती सावकाराच्या कर्जाने भरून काढी. बदली कामगार सकाळी दारावर उभा राही आणि काम न मिळता परत येई; त्यालाही ती उपाशी ठेवत नसे. संपात तर साऱ्याच वह्या उधारीने भरत. १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. एवढ्या लांबच्या लढ्यात पुढाऱ्यांची भाषणे लागतात हे खरे, पण नुसत्या भाषणांवर सहा महिने माणूस जगत नाही. संपाचे हिशेब लिहिणाऱ्यांनी किती गिरण्या बंद, किती कामगार बाहेर, किती अटकेत, हे सारे मांडले. किती भाकऱ्या उधार गेल्या, याचा रकाना कोणी आखला नाही.

तो रकाना आखण्याचे श्रेय प्रेमाताई पुरव यांना द्यावे लागेल. चळवळीत मुरलेल्या या बाईंनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही, अशा बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज घेऊ लागल्या. रांधणे हे बाईचे कर्तव्य नव्हे, तो धंदा आहे, आणि धंद्याला भांडवल लागते, ही गोष्ट त्यामुळे कागदावर आली.

मग १९८२ आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो लोक पुन्हा कामावर चढले नाहीत. कोणी गावी परतला, कोणी वडापावची गाडी लावली. ज्याला आयुष्यभर कोणी वाढले, तो आता रस्त्यावर दुसऱ्यांना वाढू लागला. पुढे दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांचा लढा नेटाने चालवला, आणि त्यातून कामगारांसाठी घरांची सोडत निघाली. घरासाठी गिरणीच्या मस्टरवर नाव असणे ही अट होती. खाणावळवालीचे नाव कोणत्या मस्टरवर असणार? गिरणी बंद पडली तेव्हा तिचाही धंदा बसला. तिला ना ग्रॅच्युइटी, ना फंड, ना सोडत.

करी रोडचा पूल ओलांडून पश्चिमेला गेले की ना. म. जोशी मार्ग लागतो. ज्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, त्या जोशींचे हे नाव. इथे, वरळीला, नायगावला आणि शिवडीला बी. डी. डी. चाळी आहेत. १९२० नंतर बांधलेल्या या चाळींत एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. आता त्यांची पुनर्बांधणी चालू आहे. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये उंच इमारतींत नवी घरे मिळाली. चांगलेच झाले. चाळीच्या गैरसोयीचे गोडवे तिथे न राहणाऱ्याने गाऊ नयेत. पण थोडे पुढे फिनिक्स गिरणीच्या जागी भव्य बाजार उभा आहे. तिथे जुनी चिमणी शोभेसाठी राखली आहे. चिमणी राखणे सोपे असते, ती जेवायला मागत नाही.

हे सारे पाहायचे तर एक पथ्य पाळावे. चाळीत शिरून कोणाच्या दारात डोकावू नये, गरिबीचे फोटो काढू नयेत. एखाद्या लहान खाणावळीत रीतसर पैसे देऊन जेवावे आणि विचारावे : बाई, तुमचे गाव कोणते? त्या प्रश्नातून जे उलगडते ते पुस्तकात नसते. आणि रविवारी मटणाचा रस्सा ओरपत असाल, तर नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करावी. त्यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. तोवर सवडीने बसून जेवण्याचा वारच त्याच्या वाट्याला नव्हता.

शेवटी एक विनंती. मुंबईला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण चोपड्यात तरी पायी फिरा. केळीचे घड ट्रकवर चढवणारा हमाल पहाटे काय खाऊन येतो, जिनिंगमधली बाई दुपारी कोणती भाकरी सोडते, शेवभाजीच्या कढईपाशी रात्री अकरापर्यंत कोण उभे असते, हे बघा. कळण्याची भाकरी आणि ठेचा आपल्या अभिमानाचा विषय आहे, तो असावाच. त्या अभिमानात भाकरी थापणाऱ्या हाताचे नाव, त्याचे तास आणि त्याची मजुरी एवढे तीन रकाने जोडा. गिरणगावाच्या वहीत ते राहून गेले. आपल्या वहीत राहू नयेत.