'सहन कर' असे सांगण्यापूर्वी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सातारा-सांगलीकडच्या घरांत मूल शाळेतून हिरमुसले होऊन परतले की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, 'तू लक्ष देऊ नकोस.' दुसरे, 'त्यांच्या नादी लागू नकोस.' आणि मूल तरीही गप्प राहिले नाही तर तिसरा प्रश्न येतो, 'पण तू काय केलं होतंस?' ही वाक्ये मायेपोटीच उच्चारली जातात. त्यांतून मुलाला मात्र एवढेच उमगते की, ही गोष्ट घरी सांगण्यासारखी नव्हती. पुढच्या वेळी ते सांगत नाही.

या प्रकारासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खोडी, चेष्टा, टिंगल, चिडवाचिडवी, दादागिरी, छळ असे चढत्या क्रमाने ते सापडतात. मोठी माणसे त्यांतील सर्वांत सौम्य शब्द उचलतात. ज्याच्या मुलाने दुसऱ्याला त्रास दिला, तो पालक 'मस्ती' म्हणतो. ज्या वर्गात हे घडले, ते शिक्षकही 'मुलांची मस्ती' म्हणतात. ज्या मुलाचे दप्तर रोज खिडकीतून बाहेर फेकले जाते, त्याला कोणता शब्द योग्य वाटतो हे सहसा कोणी विचारीत नाही.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण साताऱ्याच्याच मातीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, सुभेदार रामजींनी आपल्या धाकट्या मुलाचे नाव घातले. हाच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला ज्ञात झाला. त्या प्रवेशदिनाची स्मृती म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्या विद्यार्थ्याचे शाळेतील दिवस कसे होते? तो वर्गाच्या कोपऱ्यात एकटा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून संध्याकाळी ते घरी न्यावे लागे आणि सकाळी पुन्हा आणावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

या वर्णनात कोणी कोणाला मारलेले नाही, शिवीही दिलेली नाही. शिक्षक आपले काम करीत होते, शिपाई आपले काम करीत होता, इतर मुले आपापल्या जागी बसून धडे गिरवीत होती. सर्व काही रीतीप्रमाणे चालले होते. छळ म्हणजे दांडगट मुलाची मारहाण, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, तिच्यात हे बसतच नाही. आणि म्हणूनच ते ओळखणे कठीण जाते.

पुढच्याच वर्षीचा, १९०१ चा प्रसंग स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. आई निवर्तली होती. वडील दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून परगावी होते आणि मुले साताऱ्यात आत्येच्या देखरेखीखाली राहत होती. वडिलांनी सुटीत बोलावणे धाडले. मुलांना केवढा हर्ष झाला! नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी करून ती आगगाडीने मसूरला उतरली. स्थानकावर न्यायला कोणी आले नव्हते. कपड्यांवरून ही चांगल्या घरची मुले दिसतात म्हणून स्टेशनमास्तरांनी आस्थेने विचारपूस केली. मुलांनी निष्पापपणे जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा पालटला. गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे. बरोबर शिदोरी होती, पण वाटेत कोणी पिण्याचे पाणी दिले नाही. रात्र उपाशीपोटी काढून दुसऱ्या दिवशी मुले वडिलांकडे पोहोचली, तेव्हा उलगडा झाला की, मुले निघाल्याचे पत्र नोकराच्या हाती पडले होते. ते त्याने वडिलांना दिलेच नव्हते.

हा प्रसंग बहुधा मुलाच्या बाजूने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण आज येथे पालक बसले आहेत, म्हणून तो रामजींच्या बाजूनेही पाहावा. लष्करात सुभेदारपद भूषविलेला हा गृहस्थ, शिक्षणाचे मोल जाणणारा. मुलांनी काय चुकीचे केले होते? कपडे स्वच्छ होते, वागणे सभ्य होते, भाडे द्यायला पैसे होते. 'नीट वागलास तर कोणी त्रास देणार नाही' हा जो उपदेश घरोघरी केला जातो, तो या मुलांच्या बाबतीत किती पोकळ ठरला! ज्याला त्रास होतो त्याच्याच वागण्यात दोष शोधण्याची सवय पालकांनी सोडावी, यासाठी याहून वेगळा पुरावा नको.

त्याच शाळेतील दुसरी आठवणही विसरता येत नाही. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुटीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला देत, असे बाबासाहेब पुढे कृतज्ञतेने सांगत. एका शिक्षकाने शाळेची रीत मोडली नाही, मोडण्याइतके त्याचे बळही नसेल. पण रोजचा एक घास त्याच्या हाती होता आणि तो त्याने दिला.

आता सहिष्णुतेकडे वळू या. या समाजात क्षमेला फार वरचे स्थान आहे. दशलक्षण पर्वाचा प्रारंभच उत्तम क्षमेने होतो आणि क्षमावाणीच्या दिवशी लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. नेमक्या याच संस्कारामुळे येथे एक घोटाळा संभवतो. क्षमा करणाऱ्याच्या हाती प्रतिकाराचे सामर्थ्य असावे लागते. ते असूनही तो ते वापरीत नाही, म्हणून ती क्षमा. पाचवीतल्या ज्या मुलाला नववीतली चार मुले प्रसाधनगृहाच्या दाराशी अडवितात, त्याच्यापाशी कसले सामर्थ्य आहे? त्याचे गप्प बसणे ही क्षमा नव्हे, ती भीती होय. तिला 'संस्कार' म्हणून गौरविणारे घर त्या मुलाला दुसऱ्यांदा एकटे पाडते. त्याचप्रमाणे अनेकान्ताने शिकविलेली सहिष्णुता ही दुसऱ्याच्या मताविषयी, त्याच्या पाहण्याच्या बाजूविषयी आहे. दुसऱ्याच्या दुष्ट वर्तनाला मुभा देण्याशी तिचा संबंध नाही.

'अशोभनीय वर्तन' या शब्दप्रयोगाचीही थोडी तपासणी करावयास हवी. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाचे उद्घाटन झाले. जैन वसतिगृहात राहणारा ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातील एक विद्यार्थी त्या समारंभाला गेला. परतल्यावर त्याने स्नान करून शुद्ध व्हावे असे फर्मान सुटले. त्याने साफ नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. हा विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांची तसबीर आज समाजाच्या सभागृहांतून सन्मानाने लावलेली असते. पण त्या दिवशी, त्या वसतिगृहाच्या दृष्टीने, अशोभनीय वर्तन भाऊरावांचेच होते! ज्यांनी त्यांना बाहेर काढले ते काही दुर्जन नव्हते. सुविद्य होते, समाजाविषयी कळकळ असलेले होते. नियमाचा मान राखला गेला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. मुलाची तक्रार शाळेतून आली म्हणजे तोच दोषी असे मानण्यापूर्वी, त्याने कोणता नियम मोडला आणि कोणासाठी मोडला हे पालकाने शांतपणे विचारून घेतलेले बरे.

आजच्या शाळांमध्ये गोणपाट उरलेले नाही. डबा मात्र आहे. या समाजातील मुले-मुली शिक्षणासाठी परगावच्या वसतिगृहात राहू लागली की सूर्यास्तापूर्वी जेवण्यावरून, कांदा-लसूण न खाण्यावरून त्यांची थट्टा होते. ताटाशेजारी मुद्दाम अंडे आणून ठेवण्यापर्यंत ती जाते. हे अनेक घरांनी ऐकले असेल आणि ऐकून वाईटही वाटले असेल. तीच गोष्ट उलट्या बाजूने घडते तेव्हा मात्र तितकेसे वाईट वाटत नाही. डब्यात अंडे किंवा मासळी आणणाऱ्या मुलाशेजारून उठून जाणे, नाक धरणे, त्याला एखादे नाव ठेवणे, हे शाळकरी मूल कोठून शिकते? आहाराचा नियम मुलाला घराने दिला, हे चांगलेच केले. त्याबरोबर दुसऱ्याच्या डब्याविषयीचा तुच्छतेचा सूरही नकळत दिला गेला असेल, तर तो परत घेण्याचे कामही घराचेच आहे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरातील मुलाच्या शब्दाने शेजारच्या बाकावरचे मूल मधल्या सुटीत डबा न उघडता बसत असेल, तर त्याची चौकशी प्रथम कोणी करावी?

आणखी एक मूल असते. लग्नसमारंभात अचानक ओरडते, कान झाकून घेते, नजरेला नजर देत नाही, एकच प्रश्न वीस वेळा विचारते. नातेवाईक त्याच्या आईकडे पाहून म्हणतात, 'वळण लावलं नाही.' यांतील काही मुले स्वमग्न असतात. दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार २०१६ च्या कायद्याने मानले आहेत, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आहेत. अशा मुलाला गर्दीचा, आवाजाचा त्रास होतो. ते त्रास देत नसते. शाळेत हीच मुले सर्वांत सोपे सावज ठरतात, कारण त्यांना टोमणा उशिरा कळतो आणि तक्रार नीट सांगता येत नाही. एखादा चुलतभाऊ, एखादी मावसबहीण त्याच शाळेत असेल आणि मधल्या सुटीत त्याच्याजवळ बसत असेल, तर त्याच्या आईचा निम्मा घोर कमी होतो.

आपलेच मूल दुसऱ्याला छळते हे कळते, तो पालकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड क्षण. पहिली ऊर्मी नाकारण्याची, दुसरी मुलाला झोडपण्याची. बळाने दुर्बळाला नमविता येते हेच मूल शिकले होते. माराने तोच धडा पुन्हा गिरविला जातो. त्याऐवजी दुसऱ्या मुलाच्या घरी त्याला बरोबर घेऊन जाणे, मोडलेली कंपासपेटी त्याच्या खाऊच्या पैशांतून भरून देणे आणि पुढचे काही महिने लक्ष ठेवणे, हे संथ आणि मानहानीकारक वाटणारे काम करावे लागते. भ्रमणध्वनीवरील गटांत कोणाचे विद्रूप केलेले छायाचित्र फिरते आहे, यावरही नजर हवी. घरी येऊन दार लावले की पूर्वी छळ बाहेर राहत असे; आता तो उशाशी येतो.

कायद्याची बाजू पालकांनी माहीत करून घ्यावी. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २०१० पासून शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. म्हणजे शिक्षकांनी भर वर्गात जात, रंग वा बुद्धी यांवरून केलेला उपहासही क्षम्य नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ सालीच कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, वसतिगृहेही त्याच्या कक्षेत येतात, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी. मुलांना स्वतः मदत मागता यावी यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो त्यांना पाठ असावा. पोच मागितल्यास संबंध बिघडतील, ओळखीच्या संस्थेत असे कसे करावे, हा संकोच छोट्या गावांत फार असतो. त्या संकोचाची किंमत मूल भरते.

ज्या भाऊरावांना १९०८ साली वसतिगृह सोडावे लागले, त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत. सोवळ्याओवळ्याच्या काळात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी या मुलांचा आईच्या मायेने सांभाळ केला. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने दिले. १९३० साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्या वसतिगृहातील मुलांचे मातृछत्र हरपले होते.